मेंदूचा आलेख म्हणजे कबुलीजबाब नव्हे



एखादा खून गाजला की चार दिवसांत वाहिन्यांवरच्या चर्चांपासून गावच्या पारापर्यंत एकच मागणी सुरू होते : आरोपीची नार्को करा, ब्रेन मॅपिंग करा, खरे काय ते बाहेर येईल. मागणी करणाऱ्यांचा संताप रास्त आहे. पण तिच्यामागे स्मरणशक्तीविषयीची जी समजूत आहे, ती विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांनी केव्हाच मोडीत काढली आहे. आपली तपासयंत्रणा मात्र अजून तीच धरून बसली आहे.

पुणेकरांना तरी हे सांगायची गरज पडू नये. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने व्यवस्थापनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला, ज्याच्याशी पूर्वी लग्न ठरले होते त्या तरुणाच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता आणि पुराव्यात 'बीईओएस' या मेंदूचाचणीचा अहवाल होता. या चाचणीत डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून माणसाला डोळे मिटून बसवतात. त्याने चकार शब्द काढायचा नसतो. 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशा धर्तीची वाक्ये एकामागून एक कानावर पडत राहतात, तीही 'मी'ने सुरू होणारी. मेंदूतल्या विद्युत्‌लहरींवरून संगणक निवाडा देतो : ही गोष्ट त्याने नुसती ऐकलेली आहे की स्वतः अनुभवलेली. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही, असे सांगितले होते.

ऐकीव आणि अनुभवलेले यांतला भेद आलेखावर दिसतो, या एका गृहीतकावर ही सगळी चाचणी उभी आहे. ते किती कच्चे आहे हे पाहायचे तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या उंदरांकडे पाहावे. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराला आधी एका पेटीत सोडले. तिथे त्याला काहीही इजा झाली नाही, फक्त त्या पेटीची आठवण साठवणाऱ्या पेशींवर खूण करून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला वेगळ्याच पेटीत ठेवले आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्या खूण केलेल्या पेशी जाग्या करत पायाला विजेचे झटके दिले. पुढे पहिल्या पेटीत सोडताच तो भीतीने जागच्या जागी थिजला. जिथे त्याला कधीच काही झाले नव्हते, तिथली भीती त्याच्या मेंदूत खरी होऊन बसली होती.

उंदराचे सोडा, माणसाचे बोला, असे कोणी म्हणेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१० मध्ये माणसांवरच प्रयोग झाला. स्वयंसेवकांना शेकडो चेहरे दाखवले आणि नंतर जुन्या-नव्या चेहऱ्यांची सरमिसळ पुढे ठेवून एमआरआयने मेंदू टिपला. समोरचा चेहरा आपण पाहिला आहे असे त्या माणसाला वाटते की नाही, हे संगणकाने छान ओळखले. तो चेहरा त्याने खरोखर पाहिला होता का, हे मात्र संगणकाला भरवशाने सांगता आले नाही. त्याच गटाने २०१५ मध्ये आणखी एक दाखवून दिले : काय करायचे ते सांगून ठेवले, तर माणूस आपले लक्ष भलतीकडे वळवून यंत्राला चकवू शकतो, आणि मग यंत्राचा अंदाज नाणेफेकीपलीकडे जात नाही. (आणि मेंदूत नेमके कुठे काय चालले आहे हे टिपण्यात एमआरआय तर डोक्यावरच्या टोपीपेक्षा कितीतरी बारकाईचे.)

आता आपल्या कोठडीतला आरोपी डोळ्यांपुढे आणा. कित्येक दिवस पोलीस त्याला घटनाक्रम ऐकवत असतात : तू इथून आलास, इथे थांबलास, हे विकत घेतलेस. त्याला घटनास्थळी नेऊन पंचनामा होतो. एवढे झाल्यावर टोपी घालून तीच वाक्ये ऐकवली, तर आलेखात उमटले ते गुन्ह्याचे की चौकशीचे, हे कोण सांगणार?

'थर्ड डिग्रीपेक्षा हे बरे ना?' हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. मार थांबवायला मारणाऱ्यावर कारवाई लागते, मेंदूचा आलेख नाही. दुसरा युक्तिवाद संमतीचा. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सक्तीच्या नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचण्या घटनाबाह्य ठरवल्या, आणि जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात पुन्हा तेच बजावले. वाट उरली ती स्वेच्छेची. पण ज्याच्या जामिनाचा पत्ता नाही आणि बाहेर जमाव ओरडतो आहे, त्याची संमती किती मोकळी? शिवाय संमतीने चाचणीचा दर्जा सुधारत नाही. चुकीचा तराजू गिऱ्हाइकाच्या खुशीने वापरला म्हणून वजन बरोबर येत नाही. सेल्वी निकालानुसार स्वेच्छेच्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा ठरत नाही, पण तिच्या आधारे पुढे जे हाती लागते ते न्यायालयात जाऊ शकते. म्हणजे तपासाची दिशा ती चाचणी ठरवतेच.

डीएनए चाचणीवर आपण विश्वास ठेवतो, कारण तिच्या चुकण्याचे प्रमाण कोणालाही तपासता येते. गृह खात्याने मेंदूचाचणीलाही हीच अट लावावी. दोषी कोण, निर्दोष कोण हे परीक्षकाला ठाऊक नसताना स्वतंत्र विद्यापीठाकडून ती तपासून घ्यावी आणि किती निर्दोष माणसे गुन्हा 'अनुभवलेली' ठरली, तो आकडा जाहीर करावा. तोवर संमती असली तरी ही चाचणी बंद ठेवावी आणि त्यावरचा खर्च रखडलेल्या व्हिसेरा अहवालांकडे वळवावा.

– एक वाचक, पुणे