९८० चा हट्ट

महाविद्यालयातील विज्ञानशिक्षण सुधारण्याची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा नव्या इमारती, नवी उपकरणे आणि नवा अभ्यासक्रम यांपाशी येऊन थांबते. या गोष्टी हव्यात, यात शंका नाही. परंतु पदार्थविज्ञान शिकवण्यात तीसएक वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, सुधारणेचा आरंभ प्रात्यक्षिकाच्या वहीपासून व्हावयास हवा. कारण त्या वहीत आपण विद्यार्थ्याला विज्ञानाच्या नावाखाली खोटे लिहावयास शिकवतो.

हे कोणास कठोर वाटेल. म्हणून स्वतःपासूनच सुरुवात करतो. पहिल्या वर्षी साध्या लंबकाचा प्रयोग होता. दोरीला टांगलेला पितळी गोळा हलवायचा, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. माझे उत्तर ९६६ आले. शिक्षकांनी वही पाहिली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "पुस्तकात ९८० आहे. नीट करून आण." मी लंबक पुन्हा हलवला नाही. खोलीवर जाऊन ९८० वरून उलटे गणित मांडले, वेळेचे आकडे त्या बेताने बसवले आणि वही परत नेली. तीवर 'उत्तम' असा शेरा मिळाला.

पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि वर्षानुवर्षे तसेच शेरे देत राहिलो. एके दिवशी एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "सर, उत्तर आधीच ठाऊक आहे, तर लंबक हलवायचा कशाला?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मग मी माझ्या जुन्या ९६६ चा विचार करू लागलो. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयाची असते. मी ती वरच्या टोकापर्यंतच मोजली होती. मीटरभर लांबीत सव्वा सेंटीमीटर कमी धरला की उत्तर बरोबर तेवढेच घसरते. म्हणजे माझी चूक पुष्कळ काही शिकवावयास तयार होती. ती खोडून टाकल्यामुळे शिकावयाचे राहून गेले. आणखी गंमत अशी की, ९८० हा आकडाही आपल्या इंदूरचा नव्हे. विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण सुमारे ९७८ तर ध्रुवांवर ९८३ च्या वर असते. आपल्या अक्षांशाला आणि साडेपाचशे मीटर उंचीला ते ९७८.६ च्या आसपास भरते. अर्थात हाताने घड्याळ दाबताना चाळीस सेकंदांत दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते आणि तेवढ्याने उत्तर दहाने इकडेतिकडे जाते. तेव्हा ज्या वर्गात प्रत्येकाचे उत्तर ९८० येते, तेथे प्रयोग झालाच नाही, असे खुशाल समजावे.

या साध्या लंबकाचे मोल ज्यांना कळले होते, त्यांनी त्यापायी प्राणही वेचले. हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन बसेवी लंबकाने ठिकठिकाणचे गुरुत्व मोजत असता १८७१ साली लडाखच्या उंच मुलखात मरण पावले. हिमालयाच्या परिसरात अपेक्षेइतके गुरुत्व भरत नाही, ही महत्त्वाची गोष्ट अशाच मोजमापांतून पुढे आली. त्या मंडळींनी आकडे अपेक्षेशी जुळवून घेतले असते, तर पर्वतांच्या पोटातले हे रहस्य पुस्तकात कोठून आले असते?

कोणी म्हणेल, वर्गात ऐंशी मुले, लंबक आठ, बाहेरून येणारे परीक्षक कडक. हे सारे जमायचे कसे? परंतु आपल्या शेजारीच याहून कमी साधनांत काम झालेले आहे. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, १९७२ साली सोळा खेडेगावांतील माध्यमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्यास आरंभ झाला. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती आणि प्रयोगही करून दाखवावा लागे. तो कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला, हे खरे. परंतु खेड्यातील बारा वर्षांच्या मुलाला जे जमले, ते शहरातील पदवीच्या विद्यार्थ्याला जमू नये, हे मला पटत नाही.

माझी सूचना बिनखर्चाची आहे. वहीतून 'प्रमाण उत्तर' हा रकाना काढून टाकावा. सर्व गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि ती वेगवेगळी का आली, यावर अर्धा तास बोलावे. गुण द्यावयाचे ते उत्तराला नव्हे, तर खाडाखोड न केलेल्या नोंदींना आणि चुकीच्या शोधाला. तोंडी परीक्षेतही पहिला प्रश्न हाच असावा : "तुझे उत्तर कोठे चुकले असेल?"

आजच्या विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईलवर कोणतेही उत्तर क्षणात मिळते. ते पुन्हा वहीत उतरवून घेण्यात काय अर्थ? स्वतः मोजलेल्या आकड्यावर उभे राहण्याचे धैर्य मात्र कोणत्याही यंत्रात मिळत नाही. ते महाविद्यालयाने द्यावयाचे आहे. माझ्या त्या वहीवर कोणी 'उत्तम' ऐवजी '९६६ का?' एवढेच लिहिले असते, तर मी कितीतरी आधी शिक्षक झालो असतो.