यू हॅड बेटर

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें वरिष्ठांस रजेचा अर्ज लिहिला. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. अर्जाचा शेवट त्यानें असा केला : 'यू हॅड बेटर ग्रँट मी लीव्ह.' आपण रजा दिलीत तर बरें होईल, असें त्या बिचाऱ्यास म्हणावयाचें होतें. साहेबांनीं मात्र वाचलें तें असें : 'मुकाट्यानें रजा द्या, नाहीं तर पाहा!' रजा नामंजूर झाली आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीं त्या माउलीजवळ शेजारीण बसली. 'हॅड बेटर म्हणजे बरें होईल' हा अर्थ त्यास वर्गांत सांगणारा मीच. म्हणून हा विषय आज घेणें मला भाग आहे.

'हॅड' दिसला कीं आपण भूतकाळ समजतों. येथें तो नाहीं. 'वुई हॅड बेटर गो' म्हणजे 'आपण आतां निघालेलें बरें.' आपल्या 'निघालेलें' ह्या रूपांतही भूतकाळ आहे, पण निघणें अद्यापि व्हावयाचेंच असतें! सुमारें ११०० पूर्वींच्या इंग्रजींत तर ही रचना 'मला बरें' अशा चतुर्थीच्या वळणाची होती. पुढें 'आय वेअर बेटर' असेंही म्हणत. शेक्सपियरच्या नाटकांत तें आढळतें. अखेरीस जय झाला तो 'हॅड'चा. त्याच्या पुढें 'टु' घालूं नये, आणि नकार 'बेटर'नंतर यावा : 'यू हॅड बेटर नॉट गो.'

खरी मेख निराळीच आहे. संस्कृतांत 'वरम्' आलें कीं मागाहून बहुधा 'न' येतो, आणि काय बरें नव्हे तेंही उघड सांगितलें जातें. इंग्रज ती दुसरी बाजू गिळून टाकतो. ऐकणाऱ्यानें ती ओळखावयाची. न केल्यास परिणाम वाईट, हा ध्वनि तींत असतो. आपण मुलास 'तूं गप्प बसलेला बरा' म्हणतों, तोच हा सूर. स्वतःविषयीं, मित्रास, मुलास असें खुशाल म्हणावें. वैद्यानें रोग्यास म्हणावें. वरिष्ठांस कदापि नाहीं. तेथें 'आय शुड बी ग्रेटफुल इफ यू वुड ग्रँट मी लीव्ह' असेंच लिहावें. वाक्य जरा लांब आहे खरें; पण त्या विद्यार्थ्यानें तें आतां पाठ केलें आहे.