आधी प्रश्न, मग स्कॅन

कडेगावहून कराड पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. गुहागर-विजापूर महामार्गाने तासाभरात पोचता येते आणि कराडात सीटी, एमआरआय दोन्ही आहेत. म्हणजे कडेगाव तालुक्यात कुणाला उसाच्या फडात लकवा मारला, तर त्याच्या मेंदूचा फोटो निघायला यंत्राची अडचण नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्याआधी मेंदूचा स्कॅन काढावाच लागतो. तरीही ग्रामीण भागातले बहुतेक रुग्ण ही मुदत उलटल्यावर स्कॅनच्या टेबलावर पोचतात. त्याच गावांतून साध्या कंबरदुखीसाठी एमआरआय काढून आलेले, फिल्मची पिशवी घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरणारे लोक मात्र कमी नाहीत. ज्याला फोटोची तातडी आहे त्याला तो उशिरा मिळतो, ज्याला नाही त्याला लगेच. ही उलटापालट यंत्रे कमी असल्यामुळे झाली, असे मला वाटत नाही. आपण स्कॅनलाच निदान मानू लागलो, त्यातून ती झाली. स्कॅनकडून उत्तर हवे असेल तर आधी कुणीतरी त्याला नेमका प्रश्न विचारावा लागतो.

लकव्याचेच घ्या. पहिल्या दोन-तीन तासांत काढलेला सीटी पुष्कळदा अगदी नॉर्मल दिसतो. गुठळीमुळे उपाशी राहिलेला मेंदूचा भाग सीटीवर ठळक व्हायला वेळ लागतो. नातेवाइकांना रिपोर्टमधला 'नॉर्मल' हा शब्द दिसतो, जीव भांड्यात पडतो आणि कधी कधी रुग्ण घरीही नेला जातो. पण त्या वेळी सीटीला विचारलेला प्रश्न 'लकवा आहे का' हा नसतोच. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे बोबडे झाले, यावरून ते डॉक्टरला आधीच कळलेले असते. प्रश्न एवढाच असतो की मेंदूत रक्तस्राव झाला आहे का. ताजे रक्त सीटीवर पांढरे दिसते, लगेच दिसते. रक्तस्राव असेल तर ते इंजेक्शन जीव घेऊ शकते, नसेल तर हात-पाय वाचवू शकते. बाहेरून पाहता दोन्ही रुग्ण अगदी सारखे दिसतात आणि कितीही अनुभवी डॉक्टरला नुसत्या तपासणीवर त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. जगात पहिल्यांदा रुग्णाच्या डोक्याचा सीटी निघाला तो 1971 साली, लंडनमध्ये. हाऊन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना त्यासाठी 1979 चे नोबेल मिळाले. त्याआधीच्या डॉक्टरांना हा फरक जिवंत माणसात थेट पाहताच येत नव्हता. पण इतके मोठे काम करणारा तोच सीटी, प्रश्न चुकीचा विचारला तर 'नॉर्मल' असे सांगून फसवतो.

प्रश्नाशिवाय फोटो किती दूर भरकटवू शकतो, याचा धडा भारतीय वैद्यकाने एकदा फार महागात घेतला आहे. सीटी यंत्रे देशात आली तेव्हा फिट आलेल्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत एक लहानशी कडी दिसू लागली. आपल्याकडे क्षय उदंड, म्हणून ती क्षयाची गाठ असावी असे गृहीत धरले गेले आणि रुग्णांना महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली गेली. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढला की कडी नाहीशी झालेली असे. औषध लागू पडले, निदान बरोबर ठरले! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यात काहीतरी खटकले. त्यांनी अशा गाठींचे नमुने शस्त्रक्रियेने काढून तपासले, तर बहुतेकांत क्षय नव्हताच. तिथे पट्टकृमीची मरणाला लागलेली अळी होती. 1991 च्या सुमारास त्यांनी हे प्रसिद्ध केले. अशी एकटी, लहान गाठ पुष्कळदा आपोआप विरते, म्हणजे औषधाला मिळालेले श्रेय खोटे होते. पुढे त्यांनी निकषही घालून दिले: गाठ 20 मिलिमीटरपेक्षा लहान, रुग्णाच्या मेंदूवरचा दाब वाढलेला नाही, हातापायांची ताकद गेलेली नाही, शरीरात इतरत्र क्षयाची चिन्हे नाहीत. बारकाईने पाहा, या निकषांतले निम्मेअधिक फोटोत नाहीतच. ते रुग्णाच्या अंगावर आणि त्याच्या हकिगतीत आहेत. (जाता जाता: हा कृमी डुकराच्या मांसामुळेच होतो, हा समज अर्धवट आहे. मेंदूत गाठ होते ती कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून शुद्ध शाकाहारी माणसाच्या पोटातही जातात.)

मेंदूतल्या डागाचे मूळ पुष्कळदा मेंदूबाहेर असते, हेही त्याच फिल्ममुळे विसरले जाते. पस्तिशीच्या बाईला लकवा मारला तर सीटीत मेंदूचा मेलेला भाग दिसेल, पण कारण हृदयात असू शकेल: लहानपणी सांधे धरणारा ताप आला, त्यात झडप आकसली, तिथे गुठळी धरली आणि सुटून वर गेली. तिथे दुसरा फोटो हृदयाच्या सोनोग्राफीचा, म्हणजे इकोचा हवा. डोकेदुखी, बारीक ताप आणि मेंदूच्या आवरणांना सूज असलेल्या रुग्णात महागड्या एमआरआयइतकीच माहिती कधी कधी छातीचा साधा एक्स-रे देऊन जातो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीने तर या साध्या फिल्मची किंमत आकड्यात दाखवली. पाहणीत एक्स-रे वापरला नसता आणि नुसत्या लक्षणांवर विसंबले असते, तर सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के सुटले असते. खोकला नाही, ताप नाही, आणि फुप्फुसात क्षय आहे. मेंदूतल्या कडीच्या बाबतीत फोटोवर जास्त विश्वास टाकल्याने चूक झाली. इथे फोटो न काढल्याने झाली असती. दोन्हीकडे यंत्र एका शब्दानेही खोटे बोललेले नाही. फरक पडला तो कुणाचा फोटो, कशासाठी आणि कधी, यामुळे.

मग कंबरदुखीचे एमआरआय एवढे का निघतात? काही अंशी भीतीमुळे. मणक्याच्या एमआरआयबद्दल 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना कंबरदुखीच नाही अशा लोकांच्या फिल्म एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकतात तशी ही झीज. पण रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' असे लिहून आले की धडधाकट शेतकरी पाटी उचलायचे सोडतो आणि शस्त्रक्रियेची चौकशी करू लागतो. उरलेले कारण उघड आहे आणि ते बोलायला डॉक्टर मंडळी कचरतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी मात्र 2013 साली ते उघडपणे बोलून दाखवले. एमआरआयसाठी रुग्ण पाठवला म्हणून एका निदान केंद्राकडून आलेल्या 1200 रुपयांच्या धनादेशाबद्दल त्यांनी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. 2017 मध्ये राज्य सरकारने अशा दलालीविरुद्ध, म्हणजे कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. मसुद्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की प्रामाणिक डॉक्टरांवर यामुळे संशयाचे सावट येईल. ते सावट आजही आहेच. कायदा नसल्याने ते फक्त सगळ्यांवर सारखे पडते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: शहाणपणाच्या गोष्टी पुरे, प्रत्येक तालुक्यात सीटी द्या. मागणी न्याय्य वाटते. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले ते 1894 साली, क्ष-किरणांच्या शोधाच्या एक वर्ष आधी. तेव्हापासून या भागातली मोठी वैद्यकीय सोय मिरजेच्या 'वैद्यकीय पंढरी'त साठत गेली. कडेगाव तालुक्यातल्याच सोनसळचे पतंगराव कदम यांनी स्थापन केलेल्या भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालयही सांगलीत उभे राहिले. तालुक्याच्या वाट्याला ग्रामीण रुग्णालय आणि एक्स-रे. पण सीटी यंत्राला रात्री चालवणारा तंत्रज्ञ, फिल्म वाचणारा तज्ज्ञ, अखंड वीज आणि दुरुस्तीचा करार लागतो. हे नसलेले यंत्र उद्घाटनानंतर कुलपात जाते. कराड इतक्या जवळ असताना कडेगावला आधी यंत्र नको, आधी वाट ठरलेली हवी. जिथे मोठे शहर चार तासांवर आहे, त्या दुर्गम तालुक्यांत यंत्राचीच मागणी बरोबर, हे मी मान्य करतो. पण यंत्र असले तरी वाट ठरवावी लागतेच. हिमाचल प्रदेशात 2014 पासून ती ठरवली गेली: सीटी असलेल्या जिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर स्कॅनचे फोटो मोबाइलवरून सिमला आणि टांडा इथल्या मेंदूविकारतज्ज्ञांना पाठवत आणि त्यांच्या सल्ल्याने तिथल्या तिथे इंजेक्शन देत. औषध सरकारने मोफत पुरवले. डोंगराळ राज्यात जे जमले, ते महामार्गावरच्या तालुक्याला न जमण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अगदी उलट्या टोकाचा, जुन्याजाणत्यांचा: पूर्वी डॉक्टर हात लावून निदान करत, हे सगळे यंत्रांचे खूळ आहे. हाताने तपासण्याची कला गेली तर नुकसान होईलच, पण रक्तस्राव की गुठळी हे हाताला कळत नाही, त्यामुळे हा वाद तिथेच संपतो. किरणोत्साराची भीतीही प्रमाणात हवी. डोक्याच्या एका सीटीतून साधारण दोन मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, ती माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळणाऱ्या सरासरी मात्रेपेक्षाही थोडी कमी आहे. एमआरआयमध्ये तसा किरणोत्सार नसतोच. आणि संगणकच आता फिल्म वाचेल, अशी नवी आशा आहे. एक्स-रेवरून संशयित क्षयरुग्ण वेगळे काढायला तो खरोखर उपयोगी पडतो. पण रुग्णाचे सांधे लहानपणी धरले होते का, हे फिल्ममध्ये नसते. ते कुणीतरी विचारून चिठ्ठीवर लिहिले तरच पुढे जाते.

म्हणून सुरुवात चिठ्ठीपासून व्हावी. आज पुष्कळ चिठ्ठ्यांवर 'एमआरआय ब्रेन' एवढेच असते. लक्षणे कधी सुरू झाली, शंका कशाची आणि उत्तर आल्यावर उपचारात काय बदलणार, या तीन ओळींशिवाय कुणीही स्कॅन काढू नये. या तीन ओळींच्या नोंदी ठेवणे जमणार नाही, असे सरकारला म्हणता येणार नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो. त्या नोंदीने सगळे पाप थांबले नाही, 2017 साली म्हैसाळला गर्भपात केलेली स्त्री-भ्रूणे सापडली, हे सांगली जिल्ह्याला ठाऊक आहे. पण नोंद असली तर निदान प्रश्न तरी विचारता येतात. सीटी-एमआरआय केंद्रांनी दर महिन्याला किती स्कॅन कशासाठी काढले, एवढे जाहीर केले तरी कंबरदुखीचा बाजार उजेडात येईल.

वाचकाला सांगणे एवढेच. तोंड वाकडे झाले, हात खाली पडला किंवा बोलणे अडखळले, तर माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ कागदावर लिहा, 108 ला फोन करा, आणि निघण्याआधी विचारा की त्या रुग्णालयात सीटी आत्ता सुरू आहे का आणि गुठळीचे इंजेक्शन आहे का. आणि कंबरेसाठी एमआरआयची चिठ्ठी हातात पडली, तर डॉक्टरसाहेबांना नम्रपणे विचारा: रिपोर्ट काहीही आला, तरी तुमचे औषध बदलणार आहे का?