‘विष आढळले नाही’ हेही उत्तर असतं

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ गेलाच पाहिजे, असं तिचं १७६वं कलम सांगतं. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांची सवड आहे. साहजिकच ‘फॉरेन्सिक’ला भाव आला. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय संस्था होत्याच, आता खासगी महाविद्यालयांच्या जाहिरातींतही भिंग आणि हातमोजे दिसू लागलेत. मुलं या विषयाकडे वळताहेत याचा मला आनंद आहे. काळजी आहे ती त्यांना काय शिकवलं जातंय याची.

मी सरकारी प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात नोकरी केली, निवृत्तीनंतर तासिका तत्त्वावर शिकवते. पोलीस आणि वकील ज्याला ‘सीए रिपोर्ट’ (केमिकल अॅनालायझरचा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात, तो लिहिण्याचं आमचं काम. सिनेमातलं सायनाइड क्वचित. बरणीत जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड येतं आणि त्यात बहुतेकदा शेतावरचं कीटकनाशक शोधायचं असतं. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हा शहरातल्या वाचकांना या कीटकनाशकांची नावं कळली. आम्हाला ती तोंडपाठ होती.

प्रात्यक्षिकाला मी मटणवाल्याकडून कलेजी आणते, वाटून बाटल्यांत भरते. काही बाटल्यांत क्लोरपायरीफॉस घालते, एक कोरी ठेवते. मुलं हेक्झेनमध्ये अर्क काढतात, तो आटवतात, सिलिकाच्या प्लेटवर थेंब लावून तिच्यावर द्रावक चढू देतात आणि वरून पॅलेडियम क्लोराइड फवारतात. विष असलं की पिवळा ठिपका उठतो. दरवर्षी कोऱ्या बाटलीवाला गटही ‘क्लोरपायरीफॉस आढळले’ असं लिहून आणतो. शेजाऱ्यांना ठिपका आला, आपल्याला नाही, म्हणजे आपलंच चुकलं, अशी समजूत. एका मुलाने सरळ विचारलं, “मॅडम, काही सापडलंच नाही तर मार्क कशाचे?”

यात लबाडी नाही, ही आपल्या परीक्षापद्धतीची करणी आहे. पॅलेडियम क्लोराइड विष ओळखत नाही, ते रेणूतल्या गंधकाला दाद देतं. गंधकाची संयुगं यकृतातही असतात. अर्क नीट स्वच्छ केला नाही तर फिकट डाग उठतो. शुद्ध विषाचा ठिपका शेजारी घेऊन दोन्ही एकाच उंचीवर आले का, हे पाहिलं नाही, तर त्या डागाचं विष होतं. वर्गात त्याने दोन मार्क जातात. न्यायालयात घरातलीच सून किंवा नवरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

उलट बाजूही तितकीच नाजूक. ‘सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक परीक्षणात विष आढळून आले नाही’ हे अहवालातलं ठरलेलं वाक्य. नातेवाईक आणि बातमीदार त्याचा अर्थ ‘विष नव्हतंच’ असा लावतात. प्रत्यक्षात माणूस काही दिवस दवाखान्यात उपचार घेऊन गेला असेल, तर विष शरीराबाहेर पडलेलं असू शकतं. व्हिसेरा, म्हणजे बरणीतले ते अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात न ठेवता पाठवला, तर तो कुजतो आणि कुजण्यातून तयार होणारे पदार्थ चाचणीचा घोळ करतात. रक्तातला अल्कोहोल मोजायचा आणि बाटलीत सोडियम फ्लोराइडच नसेल, तर जंतू त्या रक्तात अल्कोहोल तयारही करतात आणि संपवतातही. वाहनचालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. एवढ्याशा आकड्यात असली गफलत परवडत नाही. अहवाल लिहिणाऱ्याला हे सगळं माहीत हवं, आणि ते कागदावर उतरवण्याची सवय हवी.

ती नसली की काय होतं, याचा धडा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेतली अॅनी डूखान ही रसायनतज्ज्ञ झपाट्याने नमुने हातावेगळे करण्यासाठी नावाजलेली होती. त्यातले कित्येक तिने न तपासताच अमली पदार्थ म्हणून लिहून टाकले होते. रसायनशास्त्रातली जी पदव्युत्तर पदवी ती सांगत असे, तीही तिच्याकडे नव्हती. २०१३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला, २०१७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक प्रकरणं रद्द करावी लागली. त्यात निर्दोष सुटले तसे खरे गुन्हेगारही सुटलेच असतील.

आपल्याकडे सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञ साक्षीला न येताही पुराव्यात वाचता येतो. म्हणजे आपल्या पाठीमागे आपलं वाक्यच उलटतपासणी देणार. आणि बोलावणं आलंच, तर न्यायाधीशांना समजेल असं बोलावं लागतं. १८३२ मध्ये इंग्लंडमध्ये रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श यांनी विषप्रयोगाच्या एका प्रकरणात कॉफीत आर्सेनिक शोधलं, पण खटल्यापर्यंत चाचणीतला पिवळा साका बिघडला, ज्युरीला पटलं नाही आणि आरोपी सुटला. त्या चिडीतून त्यांनी अधिक भक्कम चाचणी तयार केली, ती १८३६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं न्यायालयात टिकलं पाहिजे, ही अट या विषयाला जन्मापासून चिकटलेली आहे.

म्हणून विद्यापीठांकडे माझं मागणं फार खर्चाचं नाही. पहिली तीन वर्षे रसायनशास्त्र पक्कं करा. गुन्ह्याच्या सुरस कथा नंतर सांगता येतील. प्रत्येक प्रात्यक्षिकात कोरा नमुना ठेवा आणि तो ओळखणाऱ्याला पूर्ण गुण द्या. नोंदवही शाईनेच लिहायला लावा, खाडाखोड केली तर एक रेघ मारून सही घ्या. शेजारच्या विधी महाविद्यालयातली मुलं बोलवा आणि त्यांना आपल्या मुलांची उलटतपासणी घेऊ द्या.

पालकांनी प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघावी. चकाचक यंत्र दाखवलं तर ते कोण चालवतं आणि मुलांचा हात त्याला लागतो का, हे विचारावं. मग कोऱ्या नमुन्याचं विचारावं. समोरच्याला प्रश्नच कळला नाही, तर मुलाला सरळ केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.ला घालावं. फॉरेन्सिक पुढे एम.एस्सी.ला शिकता येतं. ठिपका नसताना ठिपका बघायची लागलेली सवय मात्र नंतर कोणी सोडवू शकत नाही.