जागा रिकामी ठेवणं हीसुद्धा कपातच

अमेरिकेतल्या मराठी बंधू-भगिनींनो,

नागरिकत्वाच्या शपथेत, वेळ पडल्यास या देशासाठी शस्त्र हाती घेऊ, असं वचन आपण दिलं. बहुतेकांवर ती वेळ आली नाही. इराक-अफगाणिस्तानात दुसऱ्यांची मुलं गेली. त्यांच्या औषधोपचाराची जबाबदारी आपल्यावरही आहे.

माजी सैनिकांची रुग्णालयं चालवणाऱ्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याने (व्हीए) मार्च 2025 मध्ये 80,000 हून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा बेत आखला. ओरड झाली तेव्हा जुलैत सांगितलं, सरसकट कपात करणार नाही. निवृत्ती, राजीनामे आणि भरतीबंदीतून त्या सप्टेंबरअखेर सुमारे 30,000 माणसं कमी होणार होती. म्हणजे कुणाला काढलं नाही! पण गेलेल्या नर्सच्या जागी दुसरी आली नाही, तर खाटेवरच्या रुग्णाला फरक काय पडतो?

डॉक्टर-नर्स भरतीबंदीतून वगळले आहेत, असं सरकारने तेव्हा सांगितलं. मग खात्याच्याच महानिरीक्षकांचा ऑगस्ट 2025 चा अहवाल वाचा. पाहणीतल्या 139 केंद्रांपैकी प्रत्येकाने मनुष्यबळाची तीव्र टंचाई नोंदवली. अशा नोंदी 4,434. एका वर्षात 50 टक्के वाढ. 94 टक्के केंद्रांत डॉक्टरांची, 79 टक्के केंद्रांत नर्सची टंचाई. निम्म्याहून अधिक ठिकाणी मानसशास्त्रज्ञ कमी, आणि आत्महत्येचा विचार मनात घेऊन आलेल्या सैनिकाला पहिली गरज त्यांचीच असते. उद्या नोकरी राहील की नाही हे ठाऊक नसेल, तर चांगला माणूस तिथे येईल कशाला?

शिवाय काम वाढलेलं आहे. युद्धभूमीवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतला विषारी धूर ज्यांच्या छातीत गेला, त्यांना 2022 च्या पॅक्ट कायद्याने उपचारांचा हक्क दिला. हक्क द्यायचा आणि तपासणारा डॉक्टर द्यायचा नाही, ही फसवणूक आहे. खाजगी डॉक्टरकडे पाठवू, हे उत्तर पुरेसं नाही. लहान गावांत तिथेही नंबर लागत नाही. 2014 मध्ये फीनिक्सच्या व्हीए रुग्णालयातल्या दडवलेल्या प्रतीक्षायाद्या उघडकीला आल्या आणि खात्याच्या मंत्र्यांना जावं लागलं. तेवढ्यावरून तरी शहाणं व्हायला हवं होतं.

देशातल्या सुमारे 70 टक्के डॉक्टरांच्या शिक्षणाचा काही भाग व्हीएत होतो. तिथे शिकलेल्या मराठी डॉक्टरांनो, तुम्ही आधी बोला. बाकीच्यांनीही आपल्या काँग्रेस सदस्याला आणि दोन्ही सिनेटरांना, पक्ष कोणताही असो, या आठवड्यात लेखी विचारा: आपल्या जवळच्या व्हीए रुग्णालयात किती जागा रिकाम्या आहेत, आणि त्या कधी भरणार?