जर्मनीत यूपीआय नाही, पण बिलाचे पैसे वेळेवर येतात



मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणून गेलो, "टेक्नॉलॉजीत आपला भोसरीचा वडापाववाला माझ्या घराखालच्या जर्मन बेकरीच्या पुढे आहे." त्यावर काही जण खूश झाले, काही जण चिडले. एका दादांनी लिहिलं, "सर, तिकडे बसून आम्हाला खूश करायला असं बोलता का?" अहो नाही. मी जे बघतो तेच बोललो. फक्त अर्धंच बोललो, कारण दहा मिनिटांच्या व्हिडिओत तेवढंच मावतं. उरलेलं अर्धं इथे लिहितोय, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या मोठ्या भावाबद्दल आहे. पण तिथे यायला थोडा वेळ लागेल.

आधी बेकरी. मी स्टुटगार्टला राहतो. मर्सिडीज, पोर्शे, बॉश, सगळ्यांचं माहेरघर. तुम्ही म्हणाल इथे रोबोट पाव विकत असतील! पहिल्या आठवड्यात मी सकाळी दोन ब्रेझेल घेतले, ऐटीत कार्ड पुढे केलं, तर काउंटरवरच्या मावशींनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'नुर बारगेल्ड'. म्हणजे फक्त रोख. खिशात एक नाणं नव्हतं. मागे सहा जणांची रांग. ब्रेझेल परत ठेवून मान खाली घालून बाहेर आलो. त्या वेळी पुण्यात आमच्या गल्लीतला भाजीवाला कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे क्यूआर कोडवर घेत होता.

यूपीआय आपल्याकडे २०१६ ला आलं. इतक्या वर्षांत मोबाईलवर पैसे पाठवणं आपल्याला श्वास घेण्याइतकं सोपं वाटायला लागलं. परदेशात आल्यावर कळतं की ही चैन आहे. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचंच बघा. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना ते ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आलं. जर्मनीत धंदेवाल्यांना ई-बिल निदान स्वीकारता आलंच पाहिजे, हा नियम लागू झाला १ जानेवारी २०२५ ला! करोनाच्या सुरुवातीला इथली सरकारी आरोग्य कार्यालयं तपासणीचे रिपोर्ट फॅक्सवर घेत होती. फॅक्स! आमच्या ऑफिसातल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला मी फॅक्स मशीनचा फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "हा प्रिंटर जुना दिसतोय."

इथे सगळं टपालाने येतं. बँकेचा पिन टपालाने, टॅक्सचा नंबर टपालाने. घर बदललं की दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन नोंद करायची, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ही नोंद नसेल तर पुढचं बरंच काही अडतं. नवीन आलेल्या आपल्या मुलांना मी नेहमी सांगतो, बॅगेत चकली कमी आणा, पण एक चांगली फाईल आणि पंचिंग मशीन आणा.

आता नियमांचं. इथे रविवारी दुकानं बंद. मॉल बंद, किराणा बंद. सकाळी काही तास बेकरी उघडी, स्टेशनवरची काही दुकानं उघडी, बाकी सामसूम. ही नुसती पद्धत नाही, रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेतच संरक्षण आहे. शिवाय त्या दिवशी ड्रिल मशीन लावायचं नाही. मी एकदा भिंतीवर गणपतीची फ्रेम लावायला रविवारी दुपारी दोन भोकं पाडली, तर तिसऱ्या मिनिटाला खालच्या आजी दारात. भांडायला नाही हां. "आज रविवार आहे" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

आमच्या श्वाबेन भागात 'केरवोखे' नावाचा प्रकार आहे. आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते आणि त्याने जिना झाडायचा, पुसायचा. डॉक्टर असो, मॅनेजर असो, पाटी आली की झाडू हातात. माझी आई इथे आली होती तेव्हा मला जिना पुसताना बघून तिला आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं. "घरी कधी उचललास का रे झाडू?" आईच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

पण मी काही जर्मनीची आरती ओवाळायला बसलेलो नाही. रात्री अकरा वाजता रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला थांबलेली माणसं बघून मला अजूनही गंमत वाटते. पायी रस्ता ओलांडणाऱ्याला दंड फक्त ५ युरो, तरी थांबतात. आणि याच नियमवाल्या देशात बर्लिनचं नवीन विमानतळ २०११ ला सुरू व्हायचं ते ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. आगीपासून संरक्षणाची यंत्रणाच नीट जमत नव्हती. त्यामुळे "तिकडे सगळं वेळेवर असतं" असं कोणी सांगितलं की गालातल्या गालात हसा.

धंदा करायचे नियम तर फारच कडक. बेकर, इलेक्ट्रिशियन, केस कापणारा असे बरेच व्यवसाय स्वतःच्या नावावर सुरू करायचे तर साधारणपणे 'माइस्टर' ही पदवी लागते. आधी काही वर्षं शिकाऊ, मग परीक्षा, मग पुन्हा शिक्षण, पुन्हा परीक्षा. आपल्याकडे पंचवीस वर्षं कात्री चालवलेला माणूस इथे आला तर थेट स्वतःचं सलून टाकू शकत नाही. मला हे खटकतं. हुशार हातांना दारातच अडवून ठेवल्यासारखं आहे. २००४ मध्ये सरकारने ५३ व्यवसायांची ही अट काढली होती. मग कामाचा दर्जा घसरला अशी ओरड झाली आणि २०२० मध्ये १२ व्यवसायांना ती पुन्हा लावली, त्यात फरशी बसवणारेसुद्धा आहेत. आमच्या बाथरूमची फरशी बसवणारा माणूस लेव्हल लावून एकेक फरशी बघत होता तेव्हा मात्र माझी तक्रार जरा मऊ झाली, हे कबूल करतो.

बरं, आता मुद्द्याचं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एक सुतार राहतो. एकटा माणूस, एक मदतनीस, एक व्हॅन. आमची चांगली ओळख. उन्हाळ्यात अंगणात एकत्र बसतो, त्याच्या मुलीला आमच्याकडची शंकरपाळी आवडते. त्याने आम्हाला एक कपाट करून दिलं. बिल आलं, त्यावर १४ दिवसांची तारीख. मी म्हटलं देऊ, घरचाच माणूस आहे, आणि विसरलो. सतराव्या दिवशी टपालपेटीत पाकीट. वरच्या मजल्यावरच्या माणसाने खालच्या मजल्यावरच्या माणसाला टपालाने आठवणपत्र पाठवलं होतं! बिल क्रमांक, तारीख, रक्कम, नवीन मुदत. मला इतका राग आला. जिन्यात रोज भेटतो, तोंडाने सांगता आलं नसतं का?

पैसे तर लगेच भरले. चार दिवसांनी भेटला, मी जरा घुश्शातच विषय काढला. त्याला कळेचना मी का रागावलोय. म्हणाला, "जिन्यात मी तुझा शेजारी आहे. तिथे पैशाचं बोललो असतो तर तुला लाज वाटली असती. पत्र तर मी सगळ्यांनाच पाठवतो, सोमवारी सकाळी बसून." त्याच्यासाठी त्या पत्रात राग नव्हता, अपमान नव्हता. सोमवारचं काम होतं ते. जिना पुसण्यासारखं.

त्या रात्री मी दादाला फोन केला.

दादाचं भोसरीत वर्कशॉप. तीन लेथ, एक मिलिंग, जॉबवर्क करतो. मला जर्मनीला पाठवायला ज्याने पैसे उभे केले तोच हा दादा. एका कंपनीकडे त्याचे ३ लाख ८० हजार सात महिने अडकले होते. दर शुक्रवारी फोन. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." "बिल अकाउंट्सला दिलंय." "अहो, तुम्ही घरचेच की!" हे 'घरचेच' ऐकलं की समजायचं, अजून दोन महिने गेले. दादाने ओव्हरड्राफ्टवर व्याज भरलं, वहिनीचे दागिने ठेवले, आणि शेवटी दोन पोरांना कामावरून कमी केलं. त्यातला एक अकरा वर्षं त्याच्याकडे होता. हे सगळं होत असताना दादाच्या मोबाईलवर तीन पेमेंट ॲप होती. पैसे यायला चार सेकंद लागले असते.

मी विचारलं, "दादा, एक पत्र तरी पाठवलंस का?" तो म्हणाला, "वेडा आहेस का? पत्र पाठवलं तर पुढची ऑर्डर देतील का?"

तुम्हीही हेच म्हणाल, मला माहीत आहे. ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण हेच म्हणतात. म्हणून कायदा काय आहे ते एकदा शांतपणे बघा.

जर्मनीत एका धंद्याने दुसऱ्या धंद्याचे पैसे थकवले, तर देय तारीख आणि बिल मिळाल्यापासून ३० दिवसांनी तो आपोआप थकबाकीदार ठरतो. मग मूळ व्याजदरावर ९ टक्के जास्त व्याज आणि वर ४० युरो सरसकट मागता येतात. चांगला कायदा आहे. पण आपला २००६ चा एमएसएमई कायदा कागदावर त्याहून कडक आहे! सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेतला आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकरातही तरतूद आली की ही मुदत उलटली तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येईल. तक्रारीसाठी पोर्टल आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, फुकट आहे.

म्हणजे टेक्नॉलॉजी आपल्याकडे जास्त चांगली, कायदा जास्त कडक, आणि तरी सुताराचे पैसे सतराव्या दिवशी निघतात आणि दादाचे सात महिने नाही. का? माझं मत विचाराल तर सुतार शूर आहे म्हणून नाही. तिथे सगळेच पत्र पाठवतात, म्हणून कोणाचंच पत्र टोचत नाही. आपल्याकडे एकट्यानेच पाठवलं की तो भांडकुदळ ठरतो. आणि मोठा खरेदीदार हे बरोबर ओळखून असतो. ॲप पैसे पोचवतं हो, पण "द्या" असं तुमच्या वतीने म्हणत नाही.

आणि एक बोचणारी गोष्ट. ट्रेनिंगमध्ये मी विचारतो, "तुमचे पैसे कोणी थकवलेत?" सगळे हात वर. मग विचारतो, "तुम्ही कोणाचे थकवलेत? पॅकिंगवाल्याचे? टेम्पोवाल्याचे? पेंटरचे?" हात खाली, नजराही खाली. दादालाही मी हे विचारलं. फोनवर बराच वेळ शांतता होती. त्याच्याकडे ग्राइंडिंग करून देणाऱ्या एका माणसाचे २२ हजार चार महिन्यांपासून बाकी होते.

दादाने काय केलं ते सांगतो, कारण "मग पुढे काय झालं?" असं तुम्ही विचारणारच. त्याने पहिल्यांदा ते २२ हजार दिले. मग बिलाचं नवीन पुस्तक छापलं. वर उद्यम नंबर, खाली ठळक अक्षरात 'देय दिनांक' आणि एमएसएमई कायद्याची एक ओळ. माझी पुतणी दर सोमवारी सकाळी यादी काढते आणि मुदत उलटलेल्या प्रत्येकाला तोच मजकूर ईमेलने आणि व्हॉट्सॲपवर पाठवते. सगळ्यांना एकच, गोड नाही, तिखट नाही. जुन्या ओळखीच्यांनासुद्धा. पहिल्या आठवड्यात दोन फोन आले: "काय रे, आमच्यावर विश्वास नाही का?" दादाने मला शिकवल्यासारखंच सांगितलं, "साहेब, सगळ्यांना जातं ते, कॉम्प्युटरवरून."

अडकलेल्या रकमेपैकी अडीच लाख मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले. उरलेल्यासाठी तक्रार करायची की नाही, यावर दादा आणि वहिनी यांच्यात अजून एकमत नाही. वहिनी म्हणते कर, दादा म्हणतो थांब. त्या कंपनीने त्यानंतर एकही ऑर्डर दिलेली नाही, हेही मी लपवणार नाही. दुसरे चार ग्राहक मात्र आता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पैसे टाकतात. अकरा वर्षं असलेल्या त्या पोराला दादाने परत बोलावलं होतं. तो चाकणला दुसरीकडे लागला होता, म्हणाला, "विचार करून सांगतो." काल दादाचा फोन आला, पोरगा सोमवारपासून येतोय.