किती पावसाळे?

“दहा वर्षं बघायला नको,” असं विक्रेता म्हणाला, तेव्हा ‘कुठे?’ एवढाच प्रश्न मी विचारायला हवा होता. पुण्यातल्या त्या वातानुकूलित शोरूममधल्या ओट्यावर कधी साधं दूधही उतू गेलेलं नव्हतं. तिथे ते दार दहा काय, वीस वर्षंही टिकलं असतं. मी मात्र ते रत्नागिरीच्या आमच्या घरासाठी घेत होतो.

पांढरीशुभ्र, चकचकीत, समोरून कुठे सांधा न दिसणारी दारं. नोकरीतल्या पहिल्या मोठ्या बचतीतून आईला दिलेली भेट. त्याआधी आमच्या ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे होते आणि त्यांना पडदा होता. तो पडदा मला गावंढळ वाटायचा. ‘राहू दे रे, चांगले आहेत’ असं आई म्हणत असताना मी ते कप्पे घणाने फोडून घेतले.

तिसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या दाराची फिल्म खालच्या कडेने सुटली. मग कुकर ठेवतो त्याच्या वरच्या कपाटाची सुटली. गणपतीला घरी गेलो तर सिंकखालचं दार भिजलेल्या खारीसारखं फुगलेलं, आणि सुटलेल्या कडेवर आईने चिकटपट्टी लावलेली. मी विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “फिल्मला काही झालेलं नाही साहेब, पाणी लागलंय. ओल वॉरंटीत येत नाही.”

फोन ठेवला आणि मी आईकडे वळून विचारलं, “तू ओल्या फडक्याने पुसतेस का?”

“मग स्वयंपाकघर कशाने पुसतात?” ती म्हणाली.

हा लेख त्या माझ्या प्रश्नाबद्दल आहे. दोन वाक्यांत कंपनीचा दोष दुकानातून निघून आईच्या हातातल्या फडक्यावर आला होता, आणि तो तिथवर आणून ठेवणारा मीच होतो.

विक्रेता खोटं बोलत नव्हता, हे आधी मान्य करतो. फिल्म पीव्हीसीची असते आणि पीव्हीसी पाण्याने कुजत नाही. पण दार म्हणजे नुसती फिल्म नव्हे. कारखान्यात एमडीएफच्या फळीवर गोंद फवारतात, फिल्म तापवून मऊ करतात आणि निर्वात दाबाने ती समोरच्या बाजूवर आणि चारही कडांवर ओढून बसवतात. मागची बाजू उघडी राहते, तिथे साधारणपणे मेलामाइनचा पातळ पांढरा थर असतो. म्हणजे फिल्म मागच्या कडेपाशी संपते, आणि तो सांधा शोरूममध्ये तुम्हाला कुणी दाखवत नाही. त्यात बिजागरीच्या वाटीसाठी मागून ३५ मिलिमीटरचं भोक पाडतात. त्या भोकात कच्चं एमडीएफ उघडं असतं. समोरून रेनकोट आणि पाठीला भोकं, अशी ही रचना आहे.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू गोंदात दाबून केलेली फळी. ओल लागली की दाबलेला तंतू फुगतो, आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. फुगलेल्या कडेवर गोंदाची पकड सुटते. शिवाय तापवून ताणलेल्या फिल्मला आपला मूळचा सपाटपणा आठवत असतो. पुन्हा उष्णता मिळाली की ती आक्रसते. कुकरच्या शिट्टीची वाफ वरच्या कपाटाच्या खालच्या कडेवर रोज आदळते. एकाच जागी उष्णता आणि ओल, दोन्ही.

जुन्या दारांवर घरीच चिकटवायचं व्हिनाइल मिळतं, त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचा सगळा भार मागच्या चिकट थरावर. फोडणीच्या तेलाचा अदृश्य लेप दारावर असेल, तर ते दाराला चिकटतच नाही, तेलाला चिकटतं. त्यातही रुळांमधून लाटून काढलेली स्वस्त फिल्म काळाबरोबर आक्रसते. ओतून बनवलेली महाग फिल्म बरीच स्थिर राहते. दुकानात दोन्हींना ‘व्हिनाइल’ एवढंच म्हणतात.

आता हवेचं बोलू. लाकूड हवेतली ओल घेत-सोडत असतं. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर त्यातली ओल साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर २० टक्क्यांच्या घरात जाते. एमडीएफचे आकडे थोडे कमी, पण चाल तीच. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तिथे दाराला पाण्याचा थेंब लागायचीही गरज नाही. दार हवाच पितं. म्हणून ‘किती वर्षं टिकेल?’ हा प्रश्न आपल्याकडे निरर्थक आहे. अनुभवी माणूस ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो, तेच माप इथे लावायला हवं. किती पावसाळे?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जी परिस्थिती आम्ही तपासलेली नसते, तिच्यात प्रोग्रॅम कोसळला की ‘वापरणाऱ्याची चूक’ असा शेरा मारण्याचा मोह आम्हाला होतो. पण स्वयंपाकघरात वाफ, तेल आणि पाणी असणं ही अपवादात्मक परिस्थिती नाही. भात शिजणार, फोडणी उडणार, रात्री ओटा धुतला जाणार. ओल वॉरंटीत येत नसेल, तर ते दार स्वयंपाकघरासाठी केलेलंच नाही. आणि ‘कोरड्या मऊ फडक्याने पुसा, वाफ लागू देऊ नका’ या सूचना वस्तूच्या निगेच्या वाटल्या, तरी प्रत्यक्षात त्या घरातल्या बाईच्या वागणुकीवरच्या अटी असतात. ती आधीच त्या खोलीत उभी राहून राबते. तिने आता दारांचीही मर्जी राखायची.

‘सगळ्यांना सागवान परवडत नाही,’ असं यावर म्हणतील. बरोबर आहे, मलाही परवडत नाही. भाड्याच्या घरातली विटलेली दारं झाकायला, गॅसपासून लांबच्या कोरड्या कपाटाला फिल्म उत्तमच आहे. माझं भांडण फिल्मशी नाही. ती सिंकखाली आणि कुकरवर, कोकणात, दहा वर्षांच्या वचनासह विकण्याशी आहे. तिथे सागवानाखेरीज पर्याय होते: स्टीलच्या ट्रॉल्या, ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं, आयएस ७१० दर्जाचं मरीन प्लाय, ज्याच्या चाचणीत ते ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. आणि कडप्पा तर होताच.

म्हणून मागणं साधं आहे. कोटेशनवर रंगाच्या नावाआधी फिल्मखाली काय आहे ते लिहा: एमडीएफ, पार्टिकल बोर्ड की प्लाय, आणि कुठल्या आयएस क्रमांकाचं. कडा आणि बिजागरीची भोकं कशाने बंद केलीत ते लिहा. वॉरंटी नुसत्या फिल्मची न देता अख्ख्या दाराची द्या, आणि तीत ओल धरा. ओल धरता येत नसेल, तर किनारपट्टीवर दहा वर्षांचा शब्द देऊ नका. घेणाऱ्यानेही दार मागून उलटून बघावं. मी बघितलं नव्हतं.

सिंकखालचं आणि कुकरवरचं अशी दोन्ही दारं मी ॲल्युमिनियमची करून घेतली. बाकीची अजून आहेत, त्यांतल्या दोघांच्या कडा उचलू लागल्यात. आई हल्ली ती पुसताना फडकं पिळून पिळून घेते. नको म्हटलं तरी घेते. फोडलेल्या कप्प्यांतली एक फरशी मात्र शाबूत निघाली होती. ती तिने परसात नळाखाली टाकून घेतली. पाचवा पावसाळा चालू आहे, आणि त्या फरशीवर ती फडकी धुते.